तळघरातली वार

मुलगी झाली आणि नर्सबाई बाळाची वार घेऊन दाराकडे निघाली. माझी नातसून मायडिया अजून धापा टाकत होती, तरी हात टेकून उठली.

"ती कुठं नेताय?"

"खाली, जाळायला. तुला कशाला हवी?"

"घरी पुरायचीय. डॉक्टरीणबाईंना मी आधीच सांगून ठेवलंय."

नर्सबाईनं नाक मुरडलं. "तुमच्या देशात असं करतात का?"

"माझा देश हाच. याच दवाखान्यात जन्मलेय मी."

"तसं नव्हे गं. मूळची कुठली?"

"मूळच मागतेय ना!" मायडिया ओरडली. "तुमच्या हातात आहे ते!"

आम्हा ह्मोंग लोकांत वार म्हणजे जिवाचा पहिला सदरा. माणूस मेलं की वाट सांगणारा त्याला तो राहिला त्या एकेका गावातून, तिथल्या देवांना हाक मारत, मागं मागं नेतो, थेट वार पुरली तिथवर. तो सदरा घातल्याशिवाय पितर ओळख देत नाहीत. माझा लाओसच्या डोंगरात आहे, जिथून लढाईनंतर आम्ही पळून इथं अमेरिकेत आलो. मायडियाचा याच दवाखान्याच्या भट्टीत गेला, तिच्या आईनं तोंड उघडायच्या आत. मग या पोरीला शाळेत विचारायचे, तू आलीस कुठून? आणि घरी ती स्वतःला अमेरिकन म्हणाली की म्हातारे हसायचे. आमच्या बोलीत मेस्का म्हणजे अमेरिकन, आणि मेस्का म्हणजे गोराच. दोन्हीकडून दार बंद.

डॉक्टरीण आली, नर्सबाईला दटावलं आणि वार बर्फाच्या डब्यात घालून दिली. दोन दिवसांनी सेंट पॉलच्या आमच्या घरी पोचलो, तर माझे दीर वाट बघत बसलेले. आता कुळात तेच सगळ्यात मोठे.

"पोरीची वार आईबापाच्या पलंगाखाली पुरतात," ते म्हणाले. "तुमच्या पलंगाखाली काय, तळघर! बर्फात ठेवा. उन्हाळ्यात लाओसला चाललोय, तिथं पुरतो."

"मासळी आहे का ती, भाऊजी?" मी म्हणाले.

"इथं पुरलीत तर पोर मेस्का होईल."

"आहेच ती, आजोबा," मायडिया म्हणाली. "मीही आहे."

"मेस्का मानतात का तुला?"

"नाही मानत. तुम्ही तरी कुठं मानता? माझ्या लेकीला कुणाच्या मानण्याची वाट बघायला लावणार नाही मी."

माझं डोकं तापलं. "भाऊजी, तुमच्या भावानं लढाईत मेस्कांचा वैमानिक पाठीवर घालून डोंगर उतरवला. तेव्हा त्या वैमानिकानं विचारलं नाही मूळचा कुठला म्हणून. आणि आता यांच्या नर्सा विचारतात आणि वर तुम्हीपण?"

"मी तिच्या भल्याचं बोलतोय, वहिनी! ती मेली की वाट सांगणारा इथं येऊन अडेल. या जागेच्या देवांना कुठल्या नावानं हाक मारायची, कुणाला ठाऊक?"

"चाळीस वर्षं इथलं अन्न खाताय," मी म्हणाले. "ठाऊक नसेल तर शिका!"

मायडियाचा नवरा कोंग, माझा नातू, पुढं झाला. त्यानं घण उचलला आणि तळघरात उतरला. पलंगाच्या बरोबर खाली खूण करून फरशी फोडायला लागला. वर बाळ दचकून रडायला लागलं. सिमेंटखाली खडी, खडीखाली काळी ओली माती निघाली.

मायडिया भिंतीला धरून जिना उतरली. मी नको म्हणत होते, पण ऐकतेय कोण! तिनं वार खड्ड्यात ठेवली.

"अगं, उलटी ठेवतेस!" भाऊजी जिन्यावरून ओरडले. "गुळगुळीत बाजू वर! नाहीतर पोर दूध ओकेल."

तिनं वार फिरवली आणि हातांनी माती लोटली.

"झालं समाधान?" भाऊजींनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "माझी कुठाय?"

कोंग फावड्यानं माती दाबत राहिला.