मला लपवले तो दिवस

मित्रांनो, मी एक हेल्मेट आहे आणि आता पुरता म्हातारा झालो आहे. माझा निळा रंग विटला आहे. कपाळावर चऱ्यांची जाळी झाली आहे. तोंडापुढच्या लोखंडी सळ्यांपैकी एक आत वाकली आहे. ती कधी सरळ केलीच नाही. मात्र एके काळी मी ज्या डोक्यावर बसायचो, त्या डोक्याकडे साठ हजार माणसे एकाच वेळी डोळे लावून बसत. ते डोके डेनी पेट्राशचे होते. रिव्हरमेन या अमेरिकन फुटबॉल संघाचा तो क्वार्टरबॅक. चेंडू पहिल्यांदा त्याच्या हाती यायचा, आणि तो कुणाकडे फेकायचा हे त्याने अडीच सेकंदांत ठरवायचे. तेवढ्यात समोरून दीडशे किलोचे गडी त्याच्या अंगावर धावून येत असत.

मी ओहायोमधल्या एका कारखान्यात तयार झालो. गरम साच्यातून बाहेर पडलो तेव्हा माझ्यासारखीच आणखी दोनशे हेल्मेटे रांगेत उभी होती. माझा आकार मात्र सगळ्यांत मोठा होता. त्यामुळे मी कुणालाच बसत नव्हतो. रिव्हरमेनच्या सामानाच्या खोलीत दोन वर्षे मी वरच्या फळीवर धूळ खात पडलो होतो.

ती खोली हॉरेस गिलियमच्या ताब्यात होती. बूट, खांद्याचे पॅड, हेल्मेटे, टॉवेल, सगळे त्याच्याकडे. उंच, सावळा, हळू बोलणारा माणूस. एका जुलैच्या सकाळी दारात एक लांबलचक हातांचा मुलगा येऊन उभा राहिला. नव्या खेळाडूंच्या निवडीत त्याचे नाव जवळजवळ शेवटी पुकारले गेले होते. हॉरेसने त्याच्या डोक्यावर एक हेल्मेट ठेवले, ते कानांवरच अडकले. दुसरे ठेवले, तेही अडकले.

"काय रे पोरा, डोकं आहे का भोपळा?"

"आमच्या घरात सगळ्यांचंच असं आहे, मिस्टर गिलियम. वडील पोलाद कारखान्यात आहेत. त्यांना तिथली टोपी बसत नाही."

"मग ते काय करतात?"

"वाकून चालतात."

हॉरेस खूप दिवसांनी मोठ्याने हसला. शिडी लावून त्याने मला खाली काढले, धूळ पुसली आणि डेनीच्या डोक्यावर ठेवले. मी अलगद बसलो. मग त्याने छोट्या पंपाने माझ्या आतल्या पिशव्यांत हवा भरली. दोन बोटे घालून पाहिली, पुन्हा थोडी हवा भरली.

"डोकं हलव. तू हललास तरी चालेल, हेल्मेट हलता कामा नये," तो म्हणाला.

त्या दिवसापासून बारा वर्षे मी दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर गेलो नाही.

पहिली दोन वर्षे आम्ही दोघेही बाजूला बसून होतो. तिसऱ्या वर्षी मुख्य क्वार्टरबॅकच्या गळ्याजवळचे हाड मोडले आणि डेनीला मैदानात ढकलण्यात आले. खेळी ठरवायला जमलेल्या गड्यांच्या घोळक्यात शिरल्यावर त्याचे दात वाजत होते. ते मला ऐकू येत होते. घोळक्याच्या मधोमध ब्यू टेटम उभा होता. पायांमधून चेंडू मागे देणारा हा गडी कपाटाएवढा रुंद होता.

"घाबरलास?" ब्यूने विचारले.

"हो."

"छान. मला वाटलं, मी एकटाच घाबरलोय. बोल आता, कुठली खेळी?"

आम्ही तो सामना जिंकलो, पुढचाही जिंकलो. त्या हंगामापासून शहरातल्या न्हाव्यांच्या दुकानात डेनीचे फोटो लागले. गिऱ्हाइके त्याच्या नावाचे सँडविच मागू लागली. एका वर्षी तर आम्ही देशाचे विजेतेपद मिळवले. मिरवणुकीत डेनीने मला एका हाताने उंच धरले, तेव्हा वरून कागदांचे तुकडे पडत होते. मित्रांनो, खोटे कशाला सांगू, त्या दिवशी मला वाटले की हे सगळे माझ्याचमुळे आहे.

ते माझ्यामुळे नव्हते. माझे खरे काम फार साधे होते, आणि ते हॉरेसला माझ्यापेक्षा नीट कळत होते. प्रत्येक सामन्यानंतर तो मला मांडीवर घ्यायचा. दिव्याखाली फिरवून नवे चरे शोधायचा. प्रत्येक चऱ्यावरून बोट फिरवून म्हणायचा, "हा बाहेरचा. आतला कुठे दिसणार?"

आतले मला कळायचे. धडक बसली की माझे कवच टणटणायचे आणि डेनी क्षणभर श्वास धरायचा. कधी तो उठताना डोळे गच्च मिटायचा, कधी त्याची जीभ जड व्हायची. धावत आलेले डॉक्टर बोटे दाखवून विचारायचे, "किती?" संघातल्या प्रत्येकाला ठाऊक होते की डॉक्टर नेहमी दोनच बोटे दाखवतात. डेनी डोळे न उघडताही "दोन" म्हणायचा.

आता त्या दिवसाची गोष्ट. जानेवारी महिना होता. हा सामना जिंकला की पुन्हा अंतिम फेरी. जमीन गोठून दगड झाली होती. सामन्याच्या चार भागांपैकी दुसऱ्या भागात डेनीने चेंडू फेकला आणि त्याच क्षणी डावीकडून एक गडी त्याच्यावर आदळला. आम्ही मागे पडलो. माझा मागचा भाग आधी जमिनीला लागला. आवाज एवढा मोठा झाला की मला वाटले, मी तडकलो. पण मी तडकलो नव्हतो. मी शाबूत होतो. पुढे कित्येक वर्षे मला त्याचीच लाज वाटत राहिली.

डेनी उठला. चालत घोळक्यात गेला आणि म्हणाला, "मिल स्ट्रीट, डावीकडून."

कुणी हलले नाही.

"डेनी," ब्यू हळूच म्हणाला, "ही खेळी आपल्या वहीत नाही."

"नाही कशी? सोमवारी तर केली. शाळेच्या मैदानावर."

ब्यूने इकडेतिकडे पाहिले. मग त्यानेच एक खेळी पुटपुटली आणि डेनीच्या पाठीवर थाप मारली. "तू फक्त फेक. उजवीकडे लांब फेक."

डेनीच्या हातांना सवय होती. त्याने फेकला, आणि चेंडू थेट गोलरेषेपलीकडे धावणाऱ्या आमच्या गड्याच्या छातीवर पडला. मैदान दुमदुमले. सगळ्यांनी डेनीला मिठ्या मारल्या. तो हसत होता, पण मला त्याचा आवाज ऐकू आला. तो स्वतःशीच म्हणत होता, "काय झालं? काय झालं?"

मध्यंतरात आम्ही चार गुणांनी पुढे होतो. डेनी बाकावर बसला. हॉरेस त्याच्या बुटाची नाडी बदलत होता.

"मिस्टर गिलियम, आज समोर कोण आहे?"

हॉरेसने सांगितले. दुसऱ्या बुटाची नाडी ओवेपर्यंत डेनीने पुन्हा विचारले, "आज समोर कोण आहे?" हॉरेसने पुन्हा सांगितले. तो उठणार तेवढ्यात डेनीने त्याची बाही धरली.

"ऐका ना. आज समोर कोण आहे?"

हॉरेस डॉक्टरांकडे गेला. डॉक्टर आले, बोटे दाखवली. डेनी म्हणाला, "दोन." डॉक्टरांनी मान हलवली आणि ते गेले. मग हॉरेस प्रशिक्षकांकडे गेला. कोच रडिक फळ्यावर बाण काढत होते.

"साहेब, पोरगा जाग्यावर नाही."

"आत्ताच त्याने गुण मिळवून दिले, हॉरेस."

"ते त्याच्या हातांनी केलं. तो नव्हता तिथे."

कोचनी वळूनही पाहिले नाही. "तू हेल्मेटं सांभाळ. डोकी मी सांभाळतो."

"बरं साहेब," हॉरेस म्हणाला.

तो परत आला तेव्हा मी बाकावर, डेनीच्या मांडीजवळ होतो. हॉरेसने मला उचलले. कुणाला काही वाटले नाही, तो रोजच उचलायचा. दोन्ही हातांनी धरून तो क्षणभर थांबला. बावीस वर्षांची नोकरी त्या क्षणात त्याच्या डोळ्यांपुढून गेली असावी. मग त्याने मला ओल्या टॉवेलांच्या मोठ्या टोपलीत अगदी तळाशी घातले आणि वर आणखी टॉवेल टाकले.

अंधारात पडल्या पडल्या मला सगळे ऐकू येत होते. शिट्टी वाजली, बूट खडखडत बाहेर गेले. मग डेनीचा आवाज आला, "माझं हेल्मेट कुठंय?" मग धावपळ. कपाटे उघडली गेली. दुसरी हेल्मेटे आणली गेली, एकही त्याच्या डोक्यात जाईना. कोच ओरडत आत आले.

"हॉरेस! हेल्मेट कुठं आहे?"

"सांभाळलंय, साहेब. तुम्हीच सांगितलंत."

त्यानंतर कोच जे बोलले ते मी इथे सांगणार नाही.

राखीव खेळाडू मैदानात गेला. आम्ही तीन गुणांनी हरलो. टॉवेलांखालीही मला ती शांतता कळली. साठ हजार माणसे गप्प झाली की फार जड वाटते.

सगळे गेल्यावर हॉरेसने मला बाहेर काढले. डेनी दारातच उभा होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"तुम्ही माझ्या तोंडचा घास काढलात."

"हो. काढला."

"बारा वर्षं मी तुम्हाला घरातलं माणूस समजत होतो!"

"म्हणूनच काढला, पोरा."

डेनीने त्याला खूप शिव्या दिल्या. हॉरेसने त्या ऐकून घेतल्या. मला पुसून डेनीच्या हातात दिले आणि आपला कोट घेऊन तो निघाला. दुसऱ्या दिवशी त्याला कामावरून काढण्यात आले. वर्तमानपत्रांत त्याची व्यंगचित्रे आली. ज्या न्हाव्याकडे तो वीस वर्षे जात होता, त्यानेही त्याला खुर्ची रिकामी नाही म्हणून सांगितले.

मी डेनीच्या घरी बैठकीच्या खोलीत पडून होतो. मार्च महिन्यात एका दुपारी ब्यू त्या सामन्याची फिल्म घेऊन आला. दोघे सोफ्यावर बसून पाहू लागले. दारात डेनीची बायको मार्सी उभी होती.

ती लांब फेक आली. "वा!" डेनी म्हणाला. "कसला चेंडू फेकलाय! कधीचा सामना हा?"

ब्यूने फिल्म थांबवली. "डेनी, हा तोच सामना आहे."

"पण ही फेक..."

"तुझीच. मी तुला खेळी सांगितली. तू शाळेतल्या खेळी ओरडत होतास. तेव्हाच मी बोलायला हवं होतं. मला अंतिम फेरी दिसत होती रे. तू दिसला नाहीस." एवढा मोठा गडी, पण बोलताना त्याला डेनीकडे पाहवेना.

मार्सी पुढे आली. ती रडत नव्हती. नेहमीच्या आवाजात म्हणाली, "परवा तू मला विचारलंस, आई जेवायला कधी येणार. आईंना जाऊन चार वर्षं झाली, डेनी. तुला सांगायचं कसं, हेच मला कळत नव्हतं."

डेनीने पडद्यावरच्या थांबलेल्या चित्राकडे पाहिले. त्यात मीही होतो, निळा आणि चकचकीत. मग तो उठला, त्याने मला बगलेत मारले आणि तो मार्सीला म्हणाला, "गाडी तू चालव."

हॉरेस घरासमोर शेजाऱ्याची मोडकी खुर्ची जोडत बसला होता. डेनीला पाहून तो उठला नाही. हातोडी मात्र खाली ठेवली.

"मला तो सामना आठवत नाही," डेनी म्हणाला. "काहीच नाही. तुम्हाला शिव्या दिल्या, तेवढ्या मात्र सगळ्या आठवतात."

हॉरेसने त्याच्याकडे पाहिले. "म्हणजे चांगलं ते विसरलास, आणि भांडण तेवढं लक्षात ठेवलंस. माझी बायकोही अगदी अशीच होती."

डेनी हसायला गेला आणि त्याला रडू फुटले. पायरीवर बसून तो लहान मुलासारखा रडला. हॉरेस शेजारी बसून राहिला. मार्सीने मला त्याच्या बगलेतून काढून तिथेच गवतावर ठेवले. कुणीच कुणाची माफी मागितली नाही, तशी गरजही पडली नाही.

त्या उन्हाळ्यात डेनीने खेळ सोडला. वय चौतीस. अजून चार वर्षे सहज खेळला असता असे लोक म्हणाले, आणि काही जण त्याला भित्राही म्हणाले. तो आपल्या गावी, मिलर्स बेंडला परतला आणि शाळेच्या संघाला शिकवू लागला. पहिल्याच आठवड्यात त्याने हॉरेसला फोन केला.

"काम तेच आहे, मिस्टर गिलियम. डोकी जरा लहान आहेत."

"प्रशिक्षक कसा आहे?"

"विसराळू आहे. पण ऐकतो."

दोघांनी तिथे एकत्र अकरा वर्षे काम केले.

माझे काय झाले म्हणता? मी तळघरात रंगाच्या डब्यांशेजारी जाऊन पडलो. आतले पॅड वाळून कडक झाले. एका हिवाळ्यात माझ्यात उंदरांनी घर केले, एका उन्हाळ्यात मार्सीच्या मांजरीला पिल्ले झाली. कुणी माझी आठवण काढली नाही. वाईट वाटले, पण वरून पोरासोरांच्या पळण्याचा आवाज यायचा, मग डेनीची हाक यायची, आणि तो हाक मारताना नाव चुकत नसे. त्यामुळे माझी फारशी तक्रार नव्हती.

गेल्या शरद ऋतूत हॉरेस वारला. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा होऊन, झोपेत. त्या सकाळी डेनी तळघरात आला, मला शोधून काढले आणि ओल्या फडक्याने पुसले. त्याचे केस आता पांढरे झाले आहेत. तो मला चर्चमध्ये घेऊन गेला आणि बोलायला उभा राहिला तेव्हा मी त्याच्या हातात होतो. दुसऱ्या हातात कागद होता. आजकाल तो लिहून आणल्याशिवाय बोलत नाही. दोन ओळी वाचल्यावर त्याला पुढची जागा सापडेना. सगळे थांबले. पहिल्या रांगेतून काठी टेकत ब्यू उठू लागला. डेनीने त्याला हातानेच बसवले आणि कागद खिशात घातला.

"मला चार नातवंडं आहेत," तो म्हणाला. "रोज सकाळी उठलो की मी त्यांची नावं म्हणतो. नोरा, वेस्ली, जून आणि धाकटा टोबी. आजपर्यंत एकही चुकलेलं नाही. हे मला या माणसाने दिलं. दुसरं काही सांगायचं नाही."

मित्रांनो, मी कठीण कवचाचा आहे. माझ्यावर भरवसा ठेवा, पण किती ठेवायचा ते ओळखून ठेवा. मी कवटी वाचवतो. कवटीच्या आत जी आई असते, नातवंडांची नावे असतात, सोमवारचे शाळेचे मैदान असते, तिथवर माझा हात पोहोचत नाही. ते सांभाळायला माणूस लागतो. तुम्ही जिंकत असताना तुमच्या हातातले काढून घेणारा असा माणूस भेटला, तर त्याचा राग जरूर करा. पण मार्च उजाडेपर्यंत त्याच्या दारी जा.