झुळूक पंख्याची चौकट

"जे घरात नाही, ते आहे म्हणायचं नाही, बयो." आईचा हा आवाज शिवणवालीच्या कानात अजून ताजा होता. रोज सकाळी मशीनला हात लावण्याआधी ती डोळे मिटून तोच नेम धरायची: आज खोटा शब्द नाही.

आता त्याच डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. सुईत दोरा जाईना. दवाखान्याचा नंबर कॉम्प्युटरवरूनच लागायचा. पण आपण यंत्र नाही, माणूस आहोत हे पटवायला आधी चौकटीत जाहिरातीचं वाक्य लिहावं लागे: 'आमच्या घरी फक्त झुळूक पंखा!'

"आपल्याकडे कुठंय झुळूक?" ती हळूच म्हणाली.

"अगं, लिहून टाक! कोण बघतंय?" नवरा वैतागला.

"कुणी बघावं म्हणून धरलाय का नेम?"

"नेम कसला! ऑपरेशनला टरकलीयस तू."

तेही खोटं नव्हतं. "बरं," ती म्हणाली, "ही चौकट जाईल त्या दिवशी नंबर लावीन. शब्द देते."

दारात उभ्या लेकीचा चेहरा उतरला. "आई, ती चौकट आमच्या ऑफिसची आहे. मीच बसवलीय."

"मग तुला काढताही येईल," आई म्हणाली.

कितीतरी दिवस गेले. मग एका संध्याकाळी लेक चपला भिरकावतच आत आली.

"साहेब म्हणाले, जाहिरातीशिवाय कसं परवडेल? मी म्हटलं, दवाखान्याच्या साईटवर नको म्हणजे नको. ही चौकट माणूस ओळखायला ना? माझी आई खोटं लिहीत नाही, म्हणून ती बाहेर. डोळे झाकून हो म्हणणारे सगळे आत. मग ओळखलं कुणाला?"

"मग?"

"बसले डोकं खाजवत! पण काढली. साफ काढली."

"साहेबांच्या तोंडावर बोललीस?" बापानं मिशीआड हसू दाबलं. "आईवर गेलीय कार्टी."

शिवणवालीचा ऊर भरून आला. लेकीच्या खांद्यावरची उसवलेली शिवण तिनं बोटांनी चाचपली. "डोळे बरे झाले की घालते टाका," एवढंच म्हणाली.

बापलेक हसण्यात दंग होते. ती उठली, पदराला हात पुसले आणि कॉम्प्युटरसमोर खुर्ची ओढली. ऑपरेशनची भीती होतीच. जाहिरातीच्या जागी आता नुसती चित्रं होती: होड्या कुठे आहेत ते दाखवा. नाक स्क्रीनला टेकेपर्यंत वाकून ती पहिली होडी शोधू लागली.