मापाचा ब्लाउज

लंडनच्या विमानतळाशेजारी, हाउन्सलोला घर असणं म्हणजे फुकटची धर्मशाळा चालवणं. ओळखीतल्या कुणालाही भारतात जायचं असलं की तो आदल्या दिवशी आमच्याकडे उतरतो, आणि मला जायचं असलं की हीच मंडळी आपापली गाठोडी माझ्या बॅगेत कोंबतात. कुणाचा आईसाठी स्वेटर, कुणाची बहिणीसाठी चॉकलेटं, आणि बायकांचे मापाचे ब्लाउज. मी कुरकुर करते आणि सगळं नेते. मला नाही म्हणता येत नाही, फक्त चिडता येतं.

मापाचा ब्लाउज ही आपल्याकडची मोठी सोय. शिंपी पुण्यात आणि आपण इथे. मग सध्या अंगावर नीट बसणारा एक ब्लाउज त्याच्याकडे पाठवायचा, त्यावरून तो नवा बेततो. गेली वीस वर्षं मी असे ब्लाउज नेते-आणते आहे. त्यात कुणी खोटं माप पाठवील असं माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. कोण कशाला पाठवेल?

२००६ च्या ऑगस्टमध्ये माझ्या लेकीचं, वैभवीचं लग्न होतं. खरेदीसाठी मी ईस्टरच्या सुट्टीत पुण्याला निघाले, तेव्हा ग्लासगोहून माझ्या भाचीचं पाकीट आलं. चैत्राली, माझ्या धाकट्या भावाची, परीक्षितची मुलगी. पंधरा वर्षांची. लग्नात आईची जांभळी नारायणपेठ नेसायची म्हणून नवा ब्लाउज हवा होता, आणि मापाचा तिने स्वतःच पोस्टाने पाठवला होता, चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून. पोरगी जबाबदारीची झाली म्हणून मला कौतुक वाटलं. पाकीट तसंच मुरलीधर टेलरच्या हातात दिलं.

आठवड्याने ब्लाउज आणायला गेले तेव्हा तो म्हणाला, मुलगी वाढीची दिसतेय, म्हणून आत कापड भरपूर ठेवलंय. बाजूला तीन टीपा मारल्यात, लागेल तशी एकेक उसवा. हे तो सगळ्यांनाच सांगतो, माझ्या लग्नातल्या ब्लाउजांपासून सांगत आलाय. मी मान डोलावली, नवा-जुना दोन्ही न बघताच एका पिशवीत टाकले आणि पुढच्या दुकानात गेले.

लग्नाच्या आठवडाभर आधी परीक्षित, त्याची बायको मनीषा आणि चैत्राली आले. युस्टन स्टेशनला मी घ्यायला गेले होते. ऊन इतकं होतं की फलाटावरची माणसं घामेजली होती, आणि आमची चैत्राली जाड कार्डिगन घालून, बाह्या बोटांपर्यंत ओढून उभी. मिठी मारली तर पाठीची हाडं हाताला लागली. मी मनीषाकडे पाहिलं. ती हसत होती.

"बघितलंत ना ताई, कशी झालीय," ती म्हणाली. "सगळं बेबी फॅट गेलं."

घरी तर पाहुण्यांनी कहरच केला. आपल्या माणसांना नमस्काराआधी दुसऱ्याच्या अंगाची मोजदाद करायची खोड आहे. दारात पाय ठेवला नाही तोच कुणी तुला वाळलीस म्हणतं, कुणी सुटलीस म्हणतं, आणि यालाच आपण आपुलकी समजतो. चैत्रालीला प्रत्येकाने शाबासकी दिली. एका काकूंनी तर आपल्या मुलीला बोलावून ही बघ, शिक जरा, असं सगळ्यांसमोर सांगितलं. ती बिचारी मुलगी हातातला लाडू घेऊन तशीच उभी राहिली. मला दोघींचं वाईट वाटलं, आणि काकूंचा राग आला तो आजही आहे.

दुसऱ्या दिवशी वैभवीचं केळवण होतं. परीक्षित-मनीषाने माझ्याच स्वयंपाकघरात घाट घातला होता. पुरणपोळ्या चैत्रालीने लाटल्या, तिच्या आईपेक्षा बऱ्या. पंगत बसली तशी तिने पदर खोचावा तशा कार्डिगनच्या बाह्या वर केल्या आणि वाढायला लागली. आग्रह असा की विचारू नका. अनिशला, म्हणजे होणाऱ्या जावयाला, तिने तिसरी पोळी तुपात बुडवून वाढली. सगळे म्हणाले, ग्लासगोत वाढलेली मुलगी वाटत नाही हो.

वाढणाऱ्या बाईच्या पानाकडे आपल्यात कुणी बघत नाही. ती मागाहून जेवते, हे सगळ्यांनी धरलेलंच असतं. मीही आयुष्यभर मागाहूनच जेवत आले, म्हणून असेल, त्या दिवशी सगळे आवरून बाहेर गेल्यावर मी दोन पानं घेतली आणि तिला म्हटलं, चल, आता आपण. ती म्हणाली, मी मघाशी आईबरोबर जेवले. मनीषा तर पहिल्या पंगतीला बसली होती, मीच तिला वाढलं होतं. मी दुसरं पान परत ठेवलं. एकटीच जेवले, पण घास गोड लागला नाही.

संध्याकाळी मनीषाने नारायणपेठ काढली. चैत्रालीने ब्लाउज घालून पाहिला. जिथल्या तिथे बसला, एक सुरकुती नाही. मनीषाने मुरलीधरचं कौतुक केलं, मग लेकीचं केलं. चैत्राली आरशासमोर उभी होती आणि काखेजवळच्या शिवणीत अंगठा घालून किती सैल आहे ते बघत होती. नवा ब्लाउज घातलेल्या मुलीच्या चेहऱ्यावर आनंद असतो. हिच्या चेहऱ्यावर नुसता हिशोब होता.

जुना ब्लाउज परत द्यावा म्हणून मी पिशवी उलटी केली. आतून पिवळा ब्लाउज पडला, हिरव्या काठाचा. तो मी ओळखला, कारण त्याचा काठ माझ्याच फाटलेल्या साडीचा होता. चैत्राली बारा वर्षांची असताना तिकडच्या मराठी मंडळाच्या गणपतीत नाचली होती, त्यासाठी तो मी शिवून घेतला होता. तेव्हा ती माझ्या खांद्यालाही लागत नव्हती, आणि आता माझ्याहून बोटभर उंच आहे.

मी तो ब्लाउज हातात घेऊन बराच वेळ पलंगावर बसले. डोक्यावरून विमान गेलं, खिडकीची काच थरथरली, तरी मी उठले नाही. मला भीती वाटली, साधी सरळ भीती. पंधराव्या वर्षी बाराव्या वर्षाचं माप अंगावर चढवायला या मुलीला काय काय करावं लागलं असेल, ते मला नीट कळलं होतं.

ती कपडे बदलून आली तेव्हा मी दार लोटून घेतलं. पिवळा ब्लाउज मांडीवर तसाच ठेवला आणि बस म्हटलं. ती बसली. रागावायचं नाही असं मी मनाशी ठरवलं होतं, आणि माझ्यासारखीला ते सोपं नव्हतं. मी एवढंच विचारलं की हाच का पाठवलास.

तिने सांगितलं, तुकड्यातुकड्याने. गेल्या वर्षी शाळेत पीईच्या, म्हणजे खेळाच्या तासाआधी कपडे बदलताना क्लोई नावाच्या मैत्रिणीने गंमत म्हणून मोबाइलवर फोटो काढला होता आणि तो इंटरनेटवर चढवला होता. खाली पोरांनी काय काय लिहिलं होतं. त्याच महिन्यात गणपतीला मंडळातल्या एका काकांनी प्रेमाने तिचा गाल ओढून म्हटलं होतं, बाळसं धरलंय हो पोरीने. क्लोईने नंतर माफी मागितली होती, फोटोही काढून टाकला होता. काकांना तर आपण काही बोललो हेही आठवत नसेल.

"ट्वेल्व्ह होते ना, तेव्हा कोणी माझ्या बॉडीबद्दल काहीच बोलायचे नाही," ती म्हणाली. "मला तिथे परत जायचा होता, आत्या. मी स्वतःला प्रॉमिस केला, ही ब्लाउज फिट झाली की स्टॉप."

"झाला की फिट."

"हो." तिने बाह्या पुन्हा बोटांपर्यंत ओढल्या. "पण थांबता येत नाही. आय डोन्ट नो हाउ."

मी तिला जवळ घेतलं. ती रडली नाही, नुसती थंडगार बसून राहिली. मी मात्र रडले. तिच्याच कार्डिगनने डोळे पुसले तेव्हा ती थोडी हसली, आणि मग म्हणाली, आईला सांगू नको. मी म्हटलं, सांगणार. तुझ्यासमोर सांगणार, तुझ्या पाठीमागे नाही.

मनीषाला बोलावलं. पिवळा ब्लाउज तिच्या हातात दिला आणि हे मापाला आलं होतं एवढंच सांगितलं. तिने तो उलटसुलट केला. लग्नघर आहे, पाहुणे बाहेर बसलेत, लग्न झालं की ग्लासगोला जाऊन बघू, असं ती म्हणत राहिली. मग म्हणता म्हणता तिचा हात ब्लाउजच्या एवढ्याशा बाहीवर थांबला.

"मी तिला शाबासकी देत होते हो ताई," ती म्हणाली. "रोज."

परीक्षितने दुसऱ्या दिवशी सकाळीच ग्लासगोला त्यांच्या डॉक्टरकडे फोन लावला. लग्नानंतरच्या मंगळवारची वेळ मिळाली. वैभवीला सांगितलं तेव्हा तिने एक काम चोख केलं. लग्नात चैत्रालीला वाढायचं काम द्यायचं नाही, आपल्या शेजारी बसवायचं, आणि तिच्या पानाबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही, असं तिने सगळ्यांना बजावलं. हॉलमध्ये कुणी चैत्रालीच्या अंगकाठीचा विषय काढला की मी मध्ये तोंड घालून त्यांच्या गुडघेदुखीची चौकशी करायचे. काही जण माझ्यावर रुसले, पण त्यांची समजूत घालायला मी काही गेले नाही.

फोटोत ती जांभळी साडी छान दिसते. मला ते फोटो बघवत नाहीत.

पुढचं सोपं नव्हतं. डॉक्टरने सुचवलेल्या क्लिनिकचा नंबर लागायला हिवाळा उजाडला. मनीषाने नोकरीचे तास कमी केले आणि तीनही वेळा लेकीसमोर ताट घेऊन बसायला लागली. काही दिवस बरे जायचे, मग एखाद्या दिवशी चैत्राली दाराला आतून कडी घालायची. मनीषा फोनवर सांगायची आणि मी ऐकायचे. मला तेवढंच करता येत होतं. एकदा चैत्रालीने स्वतः फोन घेतला आणि म्हणाली, क्लिनिकमध्ये सगळे खूप नाइस आहेत आणि मला सगळ्यांचा राग येतो. मी म्हटलं, माझ्याकडे ये, मग आपलं जमेल. मलाही सगळ्यांचा येतो.

पुढच्या ईस्टरला मी ग्लासगोला गेले. बाहेर बारीक पाऊस होता, हीटर चालू होता, आणि चैत्राली अर्ध्या बाह्यांचा टी-शर्ट घालून सोफ्यावर आडवी पडली होती. मी तिचे दंड पाहिले आणि काहीही न बोलता चहा टाकायला गेले. एवढं शहाणपण मला त्या वर्षाने शिकवलं होतं.

दुपारी ती माझ्या खोलीत आली. हातात जांभळा ब्लाउज होता आणि आईच्या शिवणाच्या डब्यातलं ब्लेड. मंडळाचा लांबलेला पाडव्याचा कार्यक्रम शनिवारी होता, साडी नेसायचं तिच्या मनात होतं.

"दंडाला आणि इथे घट्ट होतो," ती म्हणाली. चेहरा पांढरा पडला होता. ते वाक्य ती जिन्यापासून तोंडात धरून आली असावी. "मी उसवायला गेले, पण एकटीने होत नाही."

मी ब्लाउज उलटा केला. आत दोन्ही बाजूंना चांगलं दोन बोटं जास्तीचं कापड होतं, दुमडून ठेवलेलं, रंग अजून नव्यासारखा. तिने ते पाहिलं नव्हतं. ती वाकून पाहत राहिली आणि बोटाने चाचपून तिने विचारलं की हे आधीपासूनच होतं का. मी म्हटलं, मुरलीधरने ठेवलं होतं. तुझं पाकीट उघडलं, तेव्हाच.

मग मी ब्लेड घेतलं आणि तिन्ही टीपा सैल करायला निघाले. मला कुठलीही गोष्ट अर्धवट करता येत नाही. चैत्रालीने माझं मनगट धरलं.

"एकच, आत्या," ती म्हणाली. "आज एकच."

मी थांबले. पहिली टीप तिच्यासमोर उसवली, दोरा ओढून काढला आणि तिच्या तळहातावर ठेवला. तिने तिथेच ब्लाउज घातला, हुक लावले आणि मोठा श्वास घेतला. आरसा तिच्या पाठीमागे होता. ती वळली नाही. भूक लागलीय का असं मी विचारलं नाही. खाली मनीषाने ताटं मांडल्याचा आवाज आला, तेव्हा ती माझ्याआधी जिना उतरली.