आर्लिसच्या इंजिनाला मागणी

आमच्या काउंटीत रविवार चर्चचा आणि शनिवार गाड्यांच्या शर्यतीच्या मातीच्या ट्रॅकचा. दोन्हीकडे माणसं तीच. फक्त शनिवारी ती खरं बोलतात. मी व्हर्लिन, गाड्यांच्या फाटकावर बसतो. गाड्या आत घेतो, बाहेर सोडतो, आणि कोण कुणाशी बोलेनासं झालंय याचा मनातल्या मनात हिशेब ठेवतो.

त्या मोसमात ट्रेंट हावरहाल्स आर्लिसशी बोलत नव्हता, आर्लिसबद्दल बोलत होता.

आर्लिस व्हान रूकल म्हणजे शाळेची बस चालवणारी बाई, साठीला टेकलेली. नवरा डेलमार हिवाळ्यात वारला. जाण्याआधी त्याने गराजमध्ये एक इंजिन बांधून ठेवलं होतं. तिने ते आपल्या पोचे पडलेल्या गाडीत बसवलं आणि हौशी गटात सगळ्यांना मागे टाकलं. ट्रेंटच्या बापाचं ट्रॅक्टरचं दुकान. पोराच्या गाडीला रंग दर महिन्याला नवा. नंबर मात्र कायम दुसरा.

"गाडी मेलेला डेलमार चालवतोय," खाण्याच्या टपरीपाशी तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा. "बाई नुसती आत बसून असते."

लोक हसायचे. आर्लिस टपरीच्या खिडकीशी जायची. खिम्याचं सँडविच घ्यायची, लोणच्याच्या दोन चकत्या जास्त मागायची आणि चालायला लागायची. पण तिची मान ताठ झालेली मला फाटकावरून दिसायची.

हौशी गटात पैशावर शर्यत जिंकता येऊ नये म्हणून आमच्याकडे एक जुना नियम आहे. मुख्य शर्यत संपली की पहिल्या पाचांतला कुणीही पहिल्याच्या इंजिनाला मागणी घालू शकतो. आपलं इंजिन द्यायचं, त्याचं घ्यायचं. पहिल्याने नकार दिला तर विजयही गेला आणि मोसमभराचे गुणही. मागणाऱ्याने शब्द फिरवला तर त्यालाही तीच शिक्षा. नियम आहे, पण वापरत कुणी नाही. शेजाऱ्याचं इंजिन मागणं म्हणजे मयताला जाऊन जेवण कधी आहे विचारणं.

शेवटून दुसऱ्या शनिवारी आर्लिस पहिली आली, ट्रेंट दुसरा. ती प्रेक्षकांसमोर गाडी उभी करते न करते, तोच ट्रेंटने आपली गाडी तिच्या गाडीला खेटून लावली. हेल्मेट न काढता खिडकीच्या जाळीतून ओरडला, "मागणी घालतो! इंजिनाला इंजिन!"

बाकांवरचे लोक पुढे वाकले. कुणाच्या तरी हातातली लाह्यांची पिशवी सांडली.

ट्रेंटचा हिशेब सरळ होता. नवऱ्याच्या हातचं शेवटचं इंजिन बाई देणार नाही. ती नाही म्हणेल, तिचे गुण जातील, विजेतेपद आपल्या खिशात. हिशेबात एकच रकाना त्याने कोरा सोडला होता: ती हो म्हणाली तर?

पंच गेलनने टोपी काढून डोकं खाजवलं. "आर्लिस, घाई करू नकोस. पाच मिनिटं आहेत तुला."

"पाच मिनिटांत काय, बटाटे उकडायचेत?" आर्लिस म्हणाली. "देते."

ट्रेंटने हेल्मेट काढलं. "आर्लिसकाकू, अहो... ते डेलमारकाकांनी बांधलेलं..."

"माहीत आहे रे. शेजारी उभी राहून पाने मीच हातात देत होते. तुझं काढ आता. गार वारं सुटलंय."

तेवढ्यात ट्रेंटचा बाप कुंपणावरून उडी मारून आला. या वयात त्याने ती मारायला नको होती. "गाढवा! शहरातल्या कारखान्यातून आणलेलं इंजिन आहे ते! घे शब्द मागे!"

"मागे घेतला तर तुझे गुण शून्य, ट्रेंट," गेलन म्हणाला.

मग काय! दोन्ही इंजिनं आमच्या पद्धतीप्रमाणे तिथेच, सगळ्यांदेखत निघाली. साखळीची क्रेनही ट्रेंटच्या बापाच्याच दुकानाची. डेलमारचं इंजिन हवेत लोंबकळत गेलं तेव्हा आर्लिस त्याच्याकडे शेवटपर्यंत बघत होती.

"वाईट नाही वाटत?" मी हळूच विचारलं.

"वाटतं की. ते या कार्ट्याला कशाला दाखवू?"

शेवटच्या शनिवारी आर्लिसच्या गाडीत ट्रेंटचं इंजिन होतं, ट्रेंटच्या गाडीत डेलमारचं. ट्रॅक वाळून काचेसारखा गुळगुळीत झालेला. सगळ्या गाड्या आतल्या कडेला एकामागे एक, शेळ्यांसारख्या. गुणांत पुढे म्हणून नियमाने मागून सुटलेली आर्लिस एकटी बाहेरून, भिंतीला लगटून निघाली. तिथे ओल्या मातीचा बांध साचलेला असतो. चाक त्याला टेकलं तर गाडी पळते, वर चढलं तर उलटते. दोनदा मी डोळे मिटले. ती दुसरी आली आणि गुणांवर विजेती ठरली. ट्रेंट आठवा.

"ते इंजिन माझं होतं!" फाटकापाशी तो ओरडला.

"हो ना," आर्लिस म्हणाली. "आणि तुझ्याकडे डेलमार होता. मग आज तो आठवा कसा आला रे?"

या वेळीही लोक हसले, पण तोंडं ट्रेंटकडे वळली होती.

करंडक देताना निवेदकाने आवाज जड केला. "हा विजय आपल्या लाडक्या डेलमारच्या स्मृतीला—"

आर्लिसने त्याच्या हातातून माइक ओढून घेतला.

"डेलमार माणूस सोन्यासारखा होता," ती म्हणाली. "पण त्याला गाडी चालवताना कुणी पाहिलंय? दोन शर्यतींत उतरला आणि दोन्ही वेळा कुंपणात घुसला. करंडक माझा आहे. नाव नीट कोरा. रूकलच्या स्पेलिंगमध्ये ओ दोन."

तिने माइक परत दिला आणि करंडक काखेत मारून ती ट्रेलरकडे निघाली. तोवर सगळे प्रेक्षक बाकांवर उभे राहिले होते.