चार थेंब

सिद्धेश्वरीने काचेच्या बशीवर पट्टी ठेवली आणि पुन्हा मोजलं. एकवीस मिलिमीटर. जंतूंच्या गढूळ थरात बुरशीच्या अर्काभोवती तेवढं गोल मैदान साफ झालं होतं. कडुनिंबाच्या पानाच्या पोटात भाडेकरूसारखी राहणारी ही बुरशी दोन वर्षं हूं की चूं करत नव्हती. तापमान बदललं, आम्लता बदलली, दिवस वाढवले, पण गाडी नऊ मिलिमीटरच्या पुढे सरकेना. मग साखरेच्या पाण्याऐवजी उसाचा रस घातला आणि थेट एकवीस. गंमत म्हणजे रसात बुरशी धड वाढतही नव्हती. उपाशी बुरशी जास्त औषध सोडते, असं सिद्धेश्वरीने ठोकून दिलं. तिच्या मार्गदर्शक मॅडमनाही ते पटलं. शोधनिबंध सोमवारी जाणार होता.

रस पुरवत ते तिचे अप्पा, म्हणजे वडील चनबसप्पा. ते तीस वर्षं साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नमुन्यांच्या बाटल्या धूत आणि भरत. मॅडमना तिने सांगितलं होतं एवढंच, की कारखान्यात ओळखीचे एक जण आहेत. बाप बाटल्या धुतो, हे इथे सांगायला तिची जीभ रेटली नव्हती.

आज ते एसटीने आले आणि चपला बाहेर काढून, बाटली छातीशी धरून थेट प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले. मॅडम समोरच होत्या. त्यांनी कौतुकाने विचारलं, इतक्या लांबून आणलेला रस आंबत कसा नाही?

चनबसप्पा खुलले.

"त्येची काळजी नको, मॅडम. नमुन्याच्या बाटलीत आमी फॉर्मलिनचे चार थेंब टाकतोच की. पोरीच्या बाटलीत आठ टाकतो. लांबचा परवास हाय."

मॅडमनी हातातला पेन खाली ठेवला.

"बुरशी न घातलेला नुसता रस तपासला होतास?"

"नाही," सिद्धेश्वरी म्हणाली.

म्हणजे जंतू मारले होते ते फॉर्मलिनने. बुरशीने जास्तीचं काही केलंच नव्हतं. उलट तीच कशीबशी जीव धरून होती. सिद्धेश्वरीचे कान तापले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. त्यातही पहिला राग आला तो अप्पांचा, आणि त्याची तिला जास्त लाज वाटली.

चनबसप्पांना सगळं उमगलं नाही, पण लेकीचा चेहरा उमगला.

"तुम्ही हिचे कोण?" मॅडमनी विचारलं.

त्यांनी सिद्धेश्वरीकडे पाहिलं. ती पट्टीवरचे आकडे पाहत होती.

"कोन न्हाय, मॅडम. कारखान्याचा मानूस. म्याच न इचारता टाकलं. ह्या बाईंचा काय बी दोष न्हाय."

आणलेली बाटली उचलून ते बाहेर गेले. जिन्यावरून उतरणाऱ्या चपलांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

"माणूस भला आहे," मॅडम म्हणाल्या, "पण पुढच्या वेळी रस दुसऱ्या कुणाकडून मागव."

"हो, मॅडम," सिद्धेश्वरी म्हणाली.