चौथ्या मिनिटाला अडकणारा व्हिडिओ

मी एक जुना संगणक आहे. जुळे सोलापुरातल्या एका घरात, टीव्हीच्या खालच्या कप्प्यात माझा मुक्काम असतो. मित्रांनो, तुम्ही मला पाहिलंत तर काळ्या पत्र्याचा एक डबा दिसेल, आणि त्यावर सावित्रम्मांनी विणलेला रुमाल.

माझी उमेदीची वर्षं चादरीच्या कारखान्यात गेली. तिथले डिझाइन मास्तर तिप्पण्णा माझ्या पडद्यावर एकेक चौकोन भरून मोर आणि कमळं काढायचे. मग ती नक्षी मागावर उतरायची. "हे मशीन कधी दगा देत नाही," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. कारखाना बंद झाला तेव्हा मालकांनी मला त्यांनाच देऊन टाकलं. रिक्षात मांडीवर घेऊन त्यांनी मला घरी आणलं. माझ्या पोटात मोठी डिस्क बसवली, घरातल्या लग्नांचे आणि बारशांचे व्हिडिओ, जुने सिनेमे, सगळं तीत भरलं. टीव्हीवर काहीही लावलं की ते माझ्याकडून जायचं. मी घरचा सर्व्हर झालो.

मार्चमध्ये तिप्पण्णा गेले. तीन दिवस दवाखान्यात होते. त्या धावपळीत त्यांच्या मुलीचा, सिद्धेश्वरीचा, फोन हरवला. मी चालूच होतो. मला तेव्हा काय वाटलं म्हणाल, तर सांगण्यासारखं काही नाही. पंखा फिरत होता.

तिप्पण्णांच्या पत्नी सावित्रम्मा रडल्या नाहीत. भेटायला येणाऱ्यांना चहा द्यायच्या. वाढलं तर जेवायच्या. सिद्धेश्वरीची नोकरी पुण्यात होती; ती रजा वाढवत होती आणि दिवसभर घरातली कपाटं आवरत होती. तीन आठवड्यांनी एका दुपारी सावित्रम्मा म्हणाल्या, "सिद्धे, संक्रांतीला तू अप्पांचा व्हिडिओ काढला होतास की. लाव तो."

व्हिडिओ माझ्याजवळ होता. छत्तीस मिनिटांचा, नव्या फोनवर सगळ्यात मोठ्या आकारात काढलेला. घरातला टीव्ही मात्र जुना. असलं चित्र त्याला समजत नाही. मग मला ते चित्र उलगडून, लहान करून, त्याला समजेल अशा रूपात क्षणाक्षणाला पुढे द्यावं लागतं. याला ट्रान्सकोडिंग म्हणतात. मी सुरुवात केली. तिप्पण्णा पडद्यावर आले, चष्मा पुसला, मांडीवरची चादर उलगडून बोलू लागले. चौथ्या मिनिटाला तोंड अर्धं उघडं ठेवून ते थांबले.

"अडकलं की गं," सावित्रम्मा म्हणाल्या.

पुढचे चार दिवस सिद्धेश्वरी माझ्यापुढे बसली. आधी तिला वायफायचा संशय आला. तिने भिंतीकडेने केबल ओढली. व्हिडिओ अडकलाच. तिने चित्राचा दर्जा कमी केला, तर अप्पांचा चेहरा विस्कटला आणि तरीही व्हिडिओ पाचव्या मिनिटाला अडकला. मग तिने माझ्या ग्राफिक्सच्या चिपला मदतीला लावलं. ती चिप असल्या व्हिडिओच्या आधीच्या जमान्यातली. सगळा पडदा हिरवा झाला. तिने आकडे पाहिले. प्रोसेसर शंभर टक्के कामात, तापमान अठ्ठ्याण्णव अंश सेल्सिअस. चौथ्या दिवशी मी आपोआप बंद पडलो.

"साकु," सावित्रम्मा कानडीत म्हणाल्या, "पुरे झालं." दूध नको म्हणावं तशा आवाजात. "कशाला त्या मशीनला त्रास."

सिद्धेश्वरीने सोमेशला फोन केला. तो कारखान्यात तिप्पण्णांच्या हाताखाली काम शिकला होता, आता संगणक दुरुस्त करतो. त्याने रुमाल उचलला, माझ्यावर हात ठेवला आणि झटकन काढून घेतला.

"लई तापलंय. ताई, यातल्या व्हिडिओची दुसरी कॉपी कुटं हाय?"

"कसली दुसरी? फोन तर गेला."

"म्हंजे मास्तरांचा व्हिडिओ ह्या एका डिस्कवरच हाय?"

सिद्धेश्वरी खाली फरशीवर बसली.

सोमेशने टेबलफॅन माझ्यासमोर लावून मला चालू केलं आणि सगळ्यात आधी तो व्हिडिओ एका छोट्या डिस्कवर उतरवला. ती डिस्क तिच्या हातात दिली. मगच त्याने माझं झाकण उघडलं. आत कारखान्यातल्या सुताच्या तंतूंची धूळ होती, इतक्या वर्षांची. पंख्याखालच्या पट्ट्यांत ती गच्च बसली होती. प्रोसेसरवरची, उष्णता ओढून घेणारी पेस्ट वाळून चुना झाली होती. त्याने सगळं साफ केलं, नवी पेस्ट लावली.

आता व्हिडिओ चौथं मिनिट ओलांडून गेला. अकराव्याला परत अडखळला.

"आता याची ताकदच एवढी हाय," सोमेश म्हणाला. "पाहुणा पानावर बसल्यावर जवारी दळायला घेतल्यासारखं चाललंय. आदीच दळून ठिवू की."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला त्याने मला कामाला लावलं. टीव्हीला कळेल असा वेगळा व्हिडिओ मी सावकाश तयार केला. सव्वाचारला काम संपलं.

सिद्धेश्वरीने तो लावला. तिप्पण्णा अकरा मिनिटं चादरीबद्दल बोलले, "बस्स, झालं," म्हणाले. संक्रांतीला व्हिडिओ काढताना तेवढ्यात दारावर कोणी आलं म्हणून सिद्धेश्वरी उठून गेली होती. फोन स्टँडवर तसाच चालू राहिला होता.

"अव्वा, पुढं काही नाही. बंद करते."

"असू दे."

पुढे खरंच काही नव्हतं. तिप्पण्णा पेपर वाचत होते. तिळगूळ खाल्ला, बोटं धोतराला पुसली. एकदा खोकले. सावित्रम्मा पाहत राहिल्या. एकोणतिसाव्या मिनिटाला पेपरमधून मान न काढता ते म्हणाले, "सावित्री, पाणी आण की."

सावित्रम्मा उठल्या. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेल्या. तिथे चौकट धरून उभ्या राहिल्या आणि त्यांच्या तोंडून पहिल्यांदा रडण्याचा आवाज फुटला. सिद्धेश्वरीने जाऊन त्यांना धरलं. टीव्ही कोणी बंद केला नाही. उरलेली सात मिनिटं मी न अडखळता पुरी केली.

मित्रांनो, आमच्यासारख्यांची झाकणं वर्षातून एकदा तरी उघडा, धूळ काढा. जे परत मिळणार नाही ते एकाच जागी ठेवू नका. आणि कुणाचं बोलणं संपलं म्हणून लगेच कॅमेरा बंद करू नका. थोडा वेळ चालू राहू द्या.