घरची सही

वकिलांनी कागद फिरवून बेबीसमोर सरकवला आणि शेवटच्या पानाच्या तळाशी बोट ठेवलं.

"ही सही तुमचीच?"

बेबीने चष्मा चढवला. न चढवताही तिने ती ओळखली असती. एक्कावन्न वर्षांत तिने सह्या तरी कितीशा केल्या होत्या! त्यात ही सर्वांत नीट, गिऱ्हाईकाच्या कापडावर खडूची रेघ ओढावी तशी सरळ.

"माझीच," ती म्हणाली आणि जरा ताठ बसली. "मावशीने मुद्दाम मला करायला लावली."

वकील तरुण होते. वाईट बातमी सांगायची सवय अजून अंगवळणी पडली नव्हती. त्यांनी आधी दादाकडे पाहिलं. दादा, बेबीचा थोरला भाऊ, सकाळच्या गाडीने आला होता आणि संध्याकाळच्या गाडीने परतणार होता.

"मग जरा अडचण आहे," वकील म्हणाले. "मृत्युपत्र ठीक आहे. मावशींनी राहत्या दोन खोल्या तुम्हाला दिल्यात, बाकी सगळं तुमच्या भावाला. पण साक्षीदार म्हणून जो सही करतो, त्याला त्याच मृत्युपत्रातून लाभ घेता येत नाही. तुमच्यापुरतं लिहिलेलं रद्द होतं. खोल्याही मग 'बाकी सगळं' मध्ये जातात."

"लाभ म्हणजे?"

"काहीही मिळणं. घर असो नाहीतर फुटकी बशी. ज्याला काही मिळणार आहे त्याची साक्ष निखळ धरता येत नाही, असा विचार आहे त्यामागे."

"आणि नऊ वर्षं तिचं सगळं केलं, ते?"

"कायद्यात त्याला लाभ म्हणत नाहीत."

"कायद्याबाहेरही कोणी म्हणत नाही हो," बेबी म्हणाली.

दादाला हसू आलं, ते त्याने खोकल्यात दडवलं.

"हे आमच्याकडे येऊन केलं असतं तर पहिल्या मिनिटाला थांबवलं असतं," वकील म्हणाले. "पण मावशींनी घरीच टाइप केलं, घरीच सह्या घेतल्या."

घरीच घेतल्या होत्या. चार वर्षं झाली. बाजारात एक गाळा रिकामा झाला होता, वर राहायला खोली. शाळेचे गणवेश शिवून शिवून बेबीची पाठ मोडत आली होती. स्वतःचं दुकान असलं तर हाताखाली दोघी ठेवता येतील, असं तिच्या डोक्यात घोळत होतं. मावशीला सोडून जायचं तिने ठरवलं होतं असं नाही, पण गाळा बघून आली होती, आणि तसं जेवताना बोलूनही गेली होती. आठवड्याभराने मावशीने टाइपरायटरवरचं फडकं काढलं.

रक्तदाब तपासायला डॉक्टर येणार तो दिवस तिने सह्यांसाठी धरला. दुसरा साक्षीदार म्हणून बेबीने वरच्या मजल्यावरच्या मास्तरांना बोलावून आणलं. मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून, स्वतःचं पेन घेऊन आले, आणि मावशीने त्यांना दारातूनच परतवलं.

"तुम्हाला कशाला तसदी, मास्तर? एक सही तरी घरची असू दे."

मास्तर तोंड पाडून जिना चढले. बेबीला मात्र तेव्हा भरून आलं होतं. आईनंतर तिला 'घरची' कोणी म्हटलं नव्हतं.

मग पाकीट कपाटात गेलं. पुढची चार वर्षं, दिवसातली तिसरी चादर बदलताना बेबीच्या तोंडून हुश्श निघालं, की पलंगावरून आवाज यायचा, "आत नाव आहे हो तुझं, बेबे." गाळा कधीच दुसऱ्या कोणी घेतला होता.

वकील फायलीतलं काहीतरी शोधायला आतल्या खोलीत गेले. दादा फोन कानाला लावून जिन्यापाशी गेला. तेवढ्यात एक पिकल्या केसांचे कारकून वही घेऊन आले.

"इथे सही करा, ताई."

"कशाची?" बेबीने हात मागे घेतला.

"नुसती कागद पाहिल्याची. घाबरू नका." ते हसले. "तुम्ही बाईंच्या भाची ना? एकतीस वर्षं टायपिस्ट होत्या इथे. मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. काय दरारा! सह्यांच्या दिवशी स्वतः दारात उभ्या राहायच्या. 'ज्यांचं नाव आत आहे, त्यांनी बाहेर बाकावर बसायचं!' एकदा एका जावयाने साक्षीसाठी पेन उघडलं, तर बाईंनी ते हातातून काढून घेतलं. मोठ्या साहेबांच्या लक्षात आलं नव्हतं, बाईंच्या आलं. त्या माणसाचं घर वाचलं त्या दिवशी."

बेबी वहीतल्या रिकाम्या रेघेकडे बघत राहिली.

"आणि बुद्धी कशी शेवटपर्यंत लख्ख," कारकून कौतुकाने सांगतच होते. "तीन-चार वर्षांपूर्वी फोन आला होता मला. साक्षीदाराचा तो नियम अजून तसाच आहे का रे, म्हणून. म्हटलं, बाई, तसाच आहे. 'बरं,' म्हणाल्या नि ठेवला. आता त्या वयात कोणाला पडलेली असते हो? पण त्यांना सगळं नक्की लागायचं."

"लागायचं खरं," बेबी म्हणाली. तिने सही केली. या वेळी रेघ खाली उतरली.

बाहेर पडताना दादा जिन्यात तिच्यासाठी थांबला. चेहरा पाडलेला होता, आणि तो अगदीच खोटा नव्हता.

"हे बघ, घाई काही नाही. दोनेक महिने आरामात राहा, मग बघू खोल्यांचं. मला तरी काय माहीत असं काही असतं!"

"तुला कुठून माहीत असणार?"

"मावशीला तरी काय दोष द्यायचा? जीव होता तिचा तुझ्यावर. सगळ्यांना फोन करून सांगायची, बेबीला घर दिलं म्हणून." तो एक पायरी उतरला, मग मागे वळला. "पण बेबे, एवढी वर्षं वकिलाकडे काढली तिने. तिला हे ठाऊक नसेल?"

खालून कोणीतरी वर येत होतं. बेबीने त्याला वाट दिली. तो दिसेनासा होईपर्यंत ती कठड्याला धरून उभी राहिली.

"छे रे," ती म्हणाली. "टाइप करताना नुसती बोटं चालायची तिची. काय लिहितोय ते कुठे कळत होतं!"

दादाला ते लगेच पटलं.